स्टॅम्प संपलाय, मे महिन्यात ठाण्यात भावाचं लग्न आहे. जाऊ का?

पाचपाखाडीची_लेक

नमस्कार मंडळी. या विषयावर इथे जुने धागे आहेत, पण सप्टेंबर २०२५पासून नियम इतक्या वेळा बदललेत की २०२३ची उत्तरं आता उपयोगाची राहिली नाहीत. म्हणून नवीन धागा काढतेय.

मी माहेरची ठाण्याची, सध्या टेक्सासमध्ये एच-१बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर. कंपनीने मुदतवाढीचा अर्ज वेळेत भरला, मंजूरही झाला, २०२८ पर्यंतचं आय-७९७, म्हणजे मंजुरीचं पत्र, घरात आहे. म्हणजे इथे राहायला आणि नोकरी करायला काही अडचण नाही. पासपोर्टवरचा व्हिसा, ज्याला सगळे स्टॅम्प म्हणतात, तो मात्र संपलाय. नवरा एच-४वर, म्हणजे माझ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, त्याचाही संपलाय. मुलगी इथेच जन्मलेली, पहिलीत आहे.

मे महिन्यात धाकट्या भावाचं लग्न आहे. हॉल ठरला, आईच्या याद्या सुरू झाल्या. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीची तारीख मला लग्नानंतरच्या आठवड्यातली मिळालीय. पण डिसेंबरमध्ये किती जणांच्या तारखा भारतात पोचल्यावर पुढे ढकलल्या गेल्या, ते वाचल्यापासून जीव टांगणीला लागलाय. माझी तारीख ढकलली गेली तर मी ठाण्यात, नोकरी आणि मुलीची शाळा टेक्सासात. गेले नाही तर भावाच्या लग्नात एकुलती एक बहीण नाही.

कंपनीच्या वकिलाचं उत्तर एका ओळीचं आहे: अत्यावश्यक नसेल तर प्रवास टाळा. भावाचं लग्न अत्यावश्यक आहे की नाही, हे वकील कसं ठरवणार?

ज्यांनी अलीकडे स्टॅम्पिंग केलंय किंवा मुद्दाम टाळलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घोडबंदरकर

धागा काढलात ते बरं केलंत. इथे ठाण्यातले आईवडीलही वाचत असतात, त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यावरून घरोघरी गैरसमज होतात. "मुदतवाढ मिळाली ना, मग यायला काय झालं?" हा प्रश्न माझ्या आईनेही विचारला होता.

पासपोर्टवरचा व्हिसा लागतो तो अमेरिकेच्या विमानतळावर उतरून आत शिरण्यासाठी. आत आल्यावर किती दिवस राहता येईल ते आय-९४ ही प्रवेशाची नोंद ठरवते. मुदतवाढ मंजूर झाली की आय-७९७च्या तळाशी नवा आय-९४ छापून येतो, कापून पासपोर्टबरोबर ठेवायचा तो तुकडा. त्यामुळे व्हिसा संपलेला असूनही माणूस तिथे वर्षानुवर्षं पूर्ण कायदेशीर राहू शकतो. बाहेर पडला की मात्र परत येताना ताजा व्हिसा हवा, आणि तो अमेरिकेत बसून मिळत नाही.

सीवूड्स_ईस्ट

मिळत नाही कसा? माझ्या मैत्रिणीने २०२४ला पासपोर्ट पोस्टाने पाठवून तिथल्या तिथे स्टॅम्प करून घेतला. मी स्वतः पाहिलाय.

घोडबंदरकर

@सीवूड्स_ईस्ट, तुमची मैत्रीण नशीबवान. ती प्रायोगिक योजना होती. २९ जानेवारी ते १ एप्रिल २०२४, जास्तीत जास्त २० हजार अर्ज, आणि तेही ज्यांचा आधीचा एच-१बी व्हिसा ठरावीक काळात भारतातून किंवा कॅनडातून मिळाला होता त्यांनाच. नंतर ती पुन्हा उघडली नाही. २००४ पर्यंत ही सोय कायमची होती. व्हिसासाठी बोटांचे ठसे सक्तीचे झाले तेव्हा बंद केली. ती परत सुरू व्हावी असं मनापासून वाटतं, कारण या धाग्यातल्या निम्म्या अडचणी त्या एका गोष्टीने सुटतील.

वाशी_सेक्टर_१७

थोडक्यात काय काय बदललं ते सांगते, म्हणजे पुढची चर्चा भरकटणार नाही.

२ सप्टेंबर २०२५पासून ड्रॉपबॉक्स, म्हणजे मुलाखतीशिवाय नूतनीकरण, एच-१बी आणि एच-४साठी बंद. आता प्रत्येकाला समोर उभं राहावं लागतं. त्याच आठवड्यात दुसरी सूचना आली: अर्ज स्वतःच्या देशात किंवा जिथे कायदेशीर वास्तव्य आहे तिथेच करा. म्हणजे दुबईला किंवा बँकॉकला जाऊन पटकन स्टॅम्पिंग करून येण्याची वाट बुजली. मग १५ डिसेंबर २०२५पासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली. एकेका अर्जाला वेळ जास्त, म्हणून दिवसाला मुलाखती कमी, म्हणून डिसेंबरच्या तारखा उचलून मार्च २०२६मध्ये आणि त्याच्याही पुढे टाकल्या.

पाचपाखाडी, तुमची भीती रास्त आहे. पण ती पहिली लाट होती. मेच्या तारखा या नव्या वेगाचा हिशोब धरून दिलेल्या असणार, असं मला वाटतं.

ऐरोली_नाका

@वाशी, "असं मला वाटतं" यावर कुणी विमानाचं तिकीट काढू नये, म्हणून माझा अनुभव लिहितो.

मी डिसेंबरमध्ये आलो. तारीख हातात, आय-७९७ हातात, तीन आठवड्यांची रजा. नवी मुंबईत घरी पोचल्यावर दोन दिवसांत ईमेल आलं की मुलाखत मार्चमध्ये. जुन्या तारखेला गेलात तर आत घेणार नाही, असं वकिलातीने जाहीर केलंच होतं, त्यामुळे जाऊन विनंती करण्यातही अर्थ नव्हता.

त्यानंतरचा काळ मी आईवडिलांच्या वन बीएचकेमध्ये काढला. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप. रात्री साडेआठला माझं ऑफिस सुरू व्हायचं, पहाटे साडेचारला संपायचं. मीटिंग सुरू झाली की आई टीव्ही बंद करून आत जायची, आणि पंखा आवाज करतो म्हणून बाबांनी तो बदलून घेतला. पहाटे बाबा उठायचे, माझं काम संपत आलेलं असायचं, मग दोघं चहा घ्यायचो. मी झोपायला, ते ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला फिरायला.

खरा घोर कंपनीचा होता. भारतातून काम करायला त्यांनी काही आठवडेच परवानगी दिली. परदेशात बसून काम केलं की पगाराचे, कराचे आणि ग्राहकाच्या डेटाचे प्रश्न येतात, असं एचआरने सांगितलं. त्यानंतर बिनपगारी रजा. तिकडे घरभाडं चालू, गाडीचा हप्ता चालू. माझा एक सहकारी माझी पत्रं उचलायचा, गाडी आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवायचा. त्याचे उपकार फेडता येणार नाहीत.

मार्चमध्ये मुलाखत झाली, व्हिसा मिळाला, मी परत आलोय. म्हणून "जाऊ नका" असं मी म्हणणार नाही. पण निघण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या: भारतातून किती आठवडे काम चालेल, त्यानंतर बिनपगारी रजा किती, आणि तोपर्यंत नोकरी शाबूत का. मॅनेजर तोंडी "काळजी करू नकोस" म्हणतो, मनापासूनच म्हणतो, पण निर्णय त्याच्या हातात नसतो.

कोलशेत_रोड

ऐरोली, पंखा बदलणारे बाबा. वाचून गळा दाटून आला.

पारसिक_हिल

मी उलट बाजूने बोलतो. जा. सख्ख्या भावाचं लग्न आहे. गृहप्रवेशाला दार अडवायला बहीणच नसेल तर तुमची वहिनी कुणाला "मुलगी देईन" म्हणून आत येणार? नोकरी गेली तर दुसरी मिळते.

वाशी_सेक्टर_१७

@पारसिक, दार अडवण्यापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे. पण "नोकरी गेली तर दुसरी मिळते" हे एच-१बीला लावू नका. अमेरिकेत असताना नोकरी गेली तर ६० दिवसांची मुभा असते, नवीन कंपनी अर्ज भरते आणि माणूस तिथेच राहतो. भारतात अडकलेला असताना गेली, तर नवीन कंपनीला बाहेरच्या माणसासाठी नवा अर्ज करावा लागेल, आणि २१ सप्टेंबर २०२५नंतरच्या अशा अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क आहे. कुठली कंपनी भरेल?

तीन_हात_नाका

थांबा, हे एक लाख डॉलर प्रत्येक स्टॅम्पिंगला लागतात ना? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तसंच आलं होतं.

वाशी_सेक्टर_१७

नाही. ग्रुपवरचं सोडून द्या. अमेरिकेत राहून मंजूर झालेल्या मुदतवाढीला ते शुल्क नाही, आणि त्या मंजुरीवर बाहेर जाऊन व्हिसा घेतला तरी नाही. २० ऑक्टोबर २०२५ला अमेरिकन सरकारने तसा खुलासा केलाय. धागाकर्तीचा अर्ज मंजूर आहे, त्यामुळे तिला चिंता नाही. मुदतवाढीचा अर्ज अजून विचाराधीन असेल, तर मात्र वकिलाला विचारल्याशिवाय देश सोडू नये.

नेरुळ_जेट्टी

मग कॅनडा किंवा मेक्सिको? स्टॅम्प संपला असला तरी ३० दिवसांच्या आत परत येता येतं असं ऐकलंय. भाऊ-वहिनी हनीमूनला तिकडे आले तर ही त्यांना भेटेल!

घोडबंदरकर

नियम खरा आहे. आय-९४ चालू असेल, मुक्काम ३० दिवसांच्या आतला असेल आणि त्या मुक्कामात नव्या व्हिसासाठी अर्ज केला नसेल, तर संपलेल्या स्टॅम्पवर परत येता येतं. पण भारतीय पासपोर्टवर कॅनडाला वेगळा व्हिसा लागतो. मेक्सिको आपल्याला अमेरिकेच्या चालू व्हिसावर सोडतं, संपलेल्या नाही. शिवाय भाऊ-वहिनींनाही व्हिसे काढावे लागतील. एका लग्नासाठी चार व्हिसे होतील.

मासुंदा

मी सत्तरी ओलांडलेला ठाणेकर, तलावपाळीला रोज फिरायला जाणारा. आमची मुलगी अमेरिकेत, मुलगा जर्मनीत. या धाग्यावर सगळे कायद्याचं बोलताहेत, ते हवंच. मी घरचं बोलतो.

बाळा, तू आईवडिलांना नीट समजावून सांगितलंस का? नुसतं "बघते, जमवते" म्हणू नकोस. आम्हाला "बघते" म्हणजे "येते" ऐकू येतं, मग आम्ही नातेवाईकांना सांगून मोकळे होतो. माझ्या मुलीने पुतण्याच्या मुंजीच्या वेळी स्पष्ट सांगितलं की बाबा, या वेळी येणं धोक्याचं आहे, आणि कारण कागदावर लिहून समजावलं. हिला वाईट वाटलं, दोन दिवस रडली, पण तिसऱ्या दिवशी हिनेच फोन करून सांगितलं की येऊ नकोस. आईवडिलांना मुलं अडकलेली बघवत नाहीत. लग्नाला न आलेली मुलगी आईला समजते, तीन महिने घरात हातपाय आखडून बसलेली, नोकरीच्या काळजीने जेवण न जाणारी मुलगी समजत नाही.

तरी यायचं ठरवलंस तर आनंदाने ये. आणि मुलीसाठी ओसीआय कार्ड, ते परदेशी नागरिक असलेल्या भारतवंशीयांचं, केलं आहेस ना? ती जन्माने अमेरिकन नागरिक, तिला भारतात यायला ते तरी लागेल किंवा व्हिसा तरी. आमच्या नातीच्या वेळी हे ऐनवेळी लक्षात आलं आणि सगळ्यांची धावपळ झाली.

पाचपाखाडीची_लेक

काका, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काहीच बोलली नाही, "ओसीआय आहे ना गं?" एवढंच विचारलं. आहे, काढलेलं आहे.

बाकीच्यांचेही मनापासून आभार. सगळं वाचतेय.

उलवे_नोड

अवांतर: २५ डिसेंबरपासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडायला लागली. घराच्या गच्चीवरून दिसतात. सुरुवात देशांतर्गत विमानांनी झाली, पण परदेशी सुरू झाली की उलवे-पनवेलवाल्यांना पहाटे सहारला जायचा त्रास वाचेल.

सीवूड्स_ईस्ट

अवांतरच चाललंय तर इतर देशांतल्यांनीही लिहा ना. फक्त अमेरिकाच नाही जगात. माझा भाऊ लंडनला आहे.

कळवा_खाडी

मी ब्रिटनमध्ये नर्स आहे. स्किल्ड वर्कर व्हिसाची मुदतवाढ इथे राहूनच करता येते, मायदेशी जावं लागत नाही. अर्ज वेळेत भरला की निर्णय होईपर्यंत जुन्या अटींवर राहता येतं, काम करता येतं. आता प्लास्टिकचं कार्डही गेलं, सगळं ई-व्हिसा.

पण एक मोठा खड्डा आहे. अर्ज विचाराधीन असताना देशाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरतात. आयर्लंडसारखे अपवाद सोडून. आजी आजारी आहे म्हणून माझी एक सहकारी निघाली होती, आम्ही सगळ्यांनी तिला स्टेशनवरून परत आणलं. आणि मुदतवाढ स्वस्त नाही. आरोग्य अधिभारच मोठ्या माणसाला वर्षाला १०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा एकदम. आरोग्य आणि सेवा क्षेत्राच्या व्हिसाला तो माफ आहे, म्हणून आम्ही नर्स तरलो. कायम वास्तव्याला पाच वर्षं लागतात, ती दहा करण्याचा प्रस्ताव आहे. त्या बातमीने आमच्या वॉर्डात सगळ्यांचे चेहरे उतरले होते.

मासुंदा

मुलाने जर्मनीतलं कळवलंय ते टाकतो. तिथेही नूतनीकरण तिथल्याच परदेशी नागरिक कार्यालयात होतं. तारीख मिळायला वेळ लागतो, पण कार्ड संपण्याआधी अर्ज केला असेल तर ते फिक्सिओन्सबेशाइनिगुंग नावाचा कागद देतात. त्यावर राहता येतं, कामही करता येतं, आणि नूतनीकरणाच्या अर्जावरचा योग्य प्रकारचा कागद असेल तर प्रवास करून परतही येता येतं. ब्लू कार्डवाल्याला बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य. मुलगा त्यासाठी रोज सकाळी शिकवणीला जातो.

बेलापूर_किल्ला

यजमान दुबईत. आमच्याकडे रेसिडेन्स व्हिसा साधारण दोन वर्षांचा, नूतनीकरण कंपनीच करते. रक्ततपासणी, छातीचा एक्स-रे, मग एमिरेट्स आयडी. आठवड्या-दोन आठवड्यांत उरकतं. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की व्हिसा रद्द होतो, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी आलेल्या बायका दिवस मोजून परत जातात. माझी जाऊ तिसऱ्या महिन्यातलं बाळ घेऊन परतली होती. तिथे कायम राहण्याची आशा बहुतेकांना नसते, पण एवढी अनिश्चितताही नसते.

नेरुळ_जेट्टी

जपानचं मी सांगतो, मी योकोहामात आहे. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. वेळेत अर्ज केला आणि निर्णय आला नाही, तर आणखी दोन महिन्यांपर्यंत जुन्याच दर्जावर राहता येतं. एक, तीन किंवा पाच वर्षं मिळतात. कितीची मिळाली हे कार्ड हातात आल्यावरच कळतं, दहावीच्या निकालासारखी धडधड होते. निवासी कर वेळेवर भरल्याचा दाखला लागतो. त्यात दिरंगाई असेल तर एक वर्षावर बोळवण होते.

पारसिक_हिल

वाचून लक्षात आलं का? बाकी सगळ्या देशांत नूतनीकरण तिथल्या तिथे होतं. अमेरिकेतच माणूस कायदेशीर असूनही सख्ख्या भावाच्या लग्नाला जाताना घाबरतो. हे बरोबर नाही आणि आपण ते बोललं पाहिजे. चार-पाच लाख कुटुंबांचा... आकडा नक्की माहीत नाही, सोडा, पण ठाण्या-नवी मुंबईतल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असं एक तरी घर आहे.

वाशी_सेक्टर_१७

यात सहमत.

मानपाडा_सिग्नल

मूळ विषयावर येतो. जायचं ठरलं तर काय तयारी करायची, ते लिहितो.

डीएस-१६० या व्हिसा अर्जाच्या फॉर्मवरचा बारकोड आणि अपॉइंटमेंटवरचा बारकोड एकच हवा. फॉर्म दुरुस्त करून नव्याने भरला की नंबर बदलतो, तो अपॉइंटमेंटमध्येही बदलून घ्या. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची सगळी खाती फॉर्मवर लिहायची आहेत, आणि आता ती सार्वजनिक ठेवायला सांगितलंय.

कागद: आय-७९७ची मूळ प्रत, अर्जाची पूर्ण प्रत, कंपनीचं ताजं पत्र, अलीकडच्या पगारपावत्या, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला). तुम्ही दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाकडे बसून काम करत असाल तर ग्राहकाचं पत्र. माझ्या एका मित्राला नेमकं तेच नव्हतं म्हणून २२१(जी)ची चिठ्ठी मिळाली. नकार नसतो तो कायमचा, आणखी कागद किंवा तपासणी हवी असते. पण पासपोर्ट अडकतो आणि किती दिवस ते कोणी सांगत नाही. त्याच्या सल्लागार कंपनीने पत्र मिळवायला जो वेळ लावला, तो त्याला भोवला.

बीकेसीला, म्हणजे वकिलातीत, ठाण्याहून जाणार असाल तर सकाळच्या फास्ट लोकलने कुर्ला आणि तिथून रिक्षा. नवी मुंबईवाल्यांना हार्बरने कुर्ला. गाडीने जायचं तर पूर्व द्रुतगतीवर काय होईल सांगता येत नाही, तास-दीड तास हाताशी ठेवा. मोबाईल आत नेता येत नाही, म्हणून सोबत कोणीतरी असू द्या. माझ्या वेळी फुटपाथवर बहुतेकांचे वडील हातात दोन-दोन फोन घेऊन उभे होते.

कोलशेत_रोड

खाती सार्वजनिक करायची म्हणजे मुलांचे फोटो, नातेवाईक सगळं उघडं. मी खाती बंदच करून टाकेन त्यापेक्षा.

मानपाडा_सिग्नल

@कोलशेत_रोड, ऐन वेळी खाती बंद करू नका, फॉर्मवर ती तरीही लिहावी लागतात आणि शंका उगाच वाढते. मुलांचे फोटो आधीच काढून ठेवता येतात. उघडं ठेवणं मलाही आवडलं नाही. पत्नीने तर स्पष्ट सांगितलं की तिचा याला विरोध आहे. पण केलं, कारण पर्याय नव्हता.

घणसोली_घरोंदा

मी एच-४वर होते, अमेरिकेत शिक्षिका. धागाकर्तीच्या यजमानांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. ते एच-४वर नोकरी करत असतील तर त्यांच्या कामाच्या परवान्याची, म्हणजे ईएडीची मुदत आधी बघा. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज केला की ५४० दिवसांपर्यंत परवाना आपोआप वाढायचा. ३० ऑक्टोबर २०२५ला किंवा त्यानंतर केलेल्या अर्जांना ती सवलत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवीन आलं नाही, तर त्या दिवसापासून काम थांबतं. माझं तसंच थांबलं, वर्ष मध्यावर असताना. मुलांनी निरोपाची कार्डं बनवली होती, ती अजून कपाटात आहेत. त्यामुळे एकाच उन्हाळ्यात तुमची मुलाखत आणि त्यांचा परवाना असं येऊ देऊ नका. दोन्ही पगार एकदम थांबले तर कठीण होतं.

ऐरोली_नाका

घणसोलीताई, हे फार महत्त्वाचं सांगितलंत.

पाचपाखाडी, एक पर्याय सुचवतो. एकट्याच जा. यजमान आणि मुलगी तिथेच राहू देत. तारीख ढकलली गेली तर एकच जण अडकेल, घर चालू राहील, शाळा बुडणार नाही. मात्र एच-४ तुमच्या स्टेटसवर अवलंबून असतं. तुमचा मुक्काम लांबला आणि नोकरी धोक्यात आली तर त्यांचं काय, हे वकिलाला आधीच विचारून ठेवा. आणि जितके दिवस तुम्ही अमेरिकेबाहेर असाल ते एच-१बीच्या सहा वर्षांच्या मर्यादेत धरले जात नाहीत, ते परत मागता येतात. त्यासाठी बोर्डिंग पास आणि शिक्के जपून ठेवा.

वाशी_सेक्टर_१७

मला अजूनही वाटतं की सगळ्यांनी यावं. मुलीला मामाचं लग्न बघू दे. पण ऐरोलीचा पर्याय व्यवहारी आहे, नाकारता येत नाही.

पाचपाखाडीची_लेक

गेले काही दिवस यातच होते, म्हणून उशीर.

एचआरशी बोलले आणि लेखी मागितलं. आधी टाळाटाळ झाली, मग आलं: सहा आठवडे भारतातून काम, त्यापुढे आठ आठवडे बिनपगारी रजा, तोवर जागा राखलेली. त्यानंतर पुन्हा विचार. ऐरोली, तुमच्या प्रतिसादातली तीन वाक्यं मी जवळजवळ तशीच ईमेलमध्ये टाकली होती.

नवऱ्याच्या परवान्याला पुढच्या वर्षापर्यंत मुदत आहे. वकिलाशी पुन्हा बोलले, या वेळी नेमके प्रश्न विचारले, तर अर्धा तास नीट बोलला.

मी एकटी जातेय. मुलीला हे सांगणं सगळ्यात अवघड गेलं. तिला लग्नात परकर-पोलकं घालायचं होतं. ते आईने शिवून ठेवलंय, मी येताना घेऊन येईन. परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढलंय, महाग पडलं तरी. आणि एप्रिलमध्ये तारखा ढकलल्याचं कानावर आलं तर जाणं रद्द करायचं, हे आईबाबांशी आणि भावाशी आत्ताच बोलून ठरवलंय. भाऊ म्हणाला, दार अडवायला व्हिडिओ कॉल लावू, पण बहीणच अडवणार.

पारसिक_हिल

सोडू नका त्याला, व्हिडिओ कॉलवरही मुलगी मागून घ्या.

मासुंदा

शाब्बास. ठाण्यात आलीस की कळव.

कोपरी_पूल

उशिरा धाग्यावर आलो, एक प्रश्न. माझी एच-१बी मुदतवाढ ऑगस्टमध्ये करायची आहे आणि पासपोर्ट पुढच्या जानेवारीत संपतोय. आधी काय करू? ठाण्याला येऊन वागळे इस्टेटच्या केंद्रात करू की इथूनच?

घोडबंदरकर

@कोपरी_पूल, आधी पासपोर्ट, आणि तिथूनच करा, त्यासाठी भारतात येऊ नका. विमानतळावरचे अधिकारी आय-९४ बहुतेक वेळा पासपोर्टच्या मुदतीपर्यंतच देतात. व्हिसा २०२९चा असला आणि पासपोर्ट जानेवारीत संपत असला तर आय-९४ही जानेवारीचाच येतो. अनेकांच्या हे लक्षातच येत नाही, कारण आय-९४ आता कागदावर मिळत नाही, संकेतस्थळावर जाऊन बघावा लागतो. प्रत्येक वेळी आत आल्यावर तो उतरवून तारीख बघा.

मुदतवाढीचा अर्ज जुनी मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून भरता येतो. कंपनीच्या मागे आत्तापासून लागा. जुनी मुदत संपण्याआधी अर्ज पोचला असेल तर निर्णय येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. घाई असेल तर प्रीमियमचे पैसे भरून १५ कामाच्या दिवसांत उत्तर मिळतं.

कोपरी_पूल

जुन्या पासपोर्टमधला चालू व्हिसा फुकट जाईल का?

घोडबंदरकर

नाही. जुना पासपोर्ट रद्द झाला तरी त्यातला व्हिसा त्याच्या तारखेपर्यंत चालतो. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे, आणि व्हिसाचं पान फाटू किंवा खराब होऊ द्यायचं नाही.